उसनी कुऱ्हाड

ओबेदनं हात वर केला तेव्हा मला वाटलं,
पाणी प्यायला जायचं असेल.

"सिस्टर, लोखंड तरंगते काय?"

सात पोरं, एक सतरंजी,
भिंतीवर मागच्या सालचं कॅलेंडर,
आणि मी नुकतीच सांगून संपवलेली गोष्ट:
नदीकाठी लाकूड तोडणारा गडी,
दांड्यातून निसटलेलं पातं,
संदेष्ट्यानं पाण्यात टाकलेली काठी
आणि वर आलेलं लोखंड.

नर्सिंगला होते तेव्हा माझ्याजवळ उत्तरं असायची.
योनाच्या माशासाठी एक,
बलामाच्या गाढवीसाठी एक,
सूर्य थांबला त्या दिवसासाठी तर दोन,
एक विज्ञानाचं, एक श्रद्धेचं;
समोरचा माणूस पाहून काढायची,
दवाखान्यात सुई निवडतात तशी.
तीस वर्षांत बहुतेकांची मुदत संपली.

म्हटलं, "देवाला काय अशक्य आहे?"
हे उत्तर नव्हतं, झाकण होतं.
ओबेदला ते कळलं. त्याचा बाप
दारव्ह्याच्या फाट्यावर मोटारींचं वाइंडिंग करतो,
झाकण उघडल्याशिवाय
त्या घरात कुणी काही मानत नाही.

दुसरं गीत चाललं होतं,
पेटीवाल्याचा सूर नेहमीसारखा अर्धी पट्टी मागे,
तेवढ्यात मिशनच्या विहिरीतून आवाज आला.
धप्प.

कठड्याशी ओबेद, हातात नुसता दांडा.
खाली पाण्यावर
कडुलिंबाची एक काडी सावकाश फिरत होती.
नियमाप्रमाणे मागून टाकलेली.

पाळकसाहेब काही बोलणार होते.
पोराचं तोंड एवढंसं झालं.
"सिस्टर, कुराड गुलाबभाऊची व्हती.
मागून आनली व्हती."

चाळीस वेळा सांगितली असेल मी ही गोष्ट
आणि दर वेळी धावत गेले
लोखंड तरंगतं तिथं.
मधे तो माणूस ओरडतो, त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं.
पातं बुडालं, असं तो म्हणत नाही.
म्हणतो, अहो, ती उसनी होती.

नुसती रचायची असती गोष्ट
तर एखाद्या राजाची तलवार पडली असती.
दुसऱ्याची वस्तू हरवली की
पोटात जो खड्डा पडतो
तो कुणी कशाला रचेल?

हा पुरावा नव्हे, ठाऊक आहे मला.
ओबेदच्या बापासमोर तर
दोन मिनिटं टिकणार नाही.

पार्वताबाईकडून गळ आणला.
पाळकसाहेबांनी झगा काढून लिंबाला अडकवला.
गुलाबभाऊ आला तो शिव्या देतच,
देवळासमोर आहोत हे कुणी सांगितल्यावर
हळू आवाजात देत राहिला,
मग दोर त्यानंच धरला.

आधी बुडाचा तांब्या आला, बूड नसलेला.
मग वायरीचं भेंडोळं,
एका पायातली चप्पल, आणि गाळच गाळ.
ऊन तुरीच्या ढिगावरून उतरून
दवाखान्याच्या बंद दारापर्यंत गेलं.
बायका घरी जाऊन भाकरी टाकून परत आल्या.
सहाच्या सुमारास गळ जड झाला.

"तरंगली नाई," ओबेद म्हणाला.
"नाही."
"मंग खोटी हाय काय गोष्ट?"

हाताला चिखल होता. थकले होते.
म्हटलं, "मी नव्हते रे तिथं.
लोखंडाचं मला माहीत नाही.
पण त्या माणसाला मी आज पाहिलं."

त्याला हे पटलेलं नाही.
येत्या रविवारी तो विचारणार आहे,
माशाच्या पोटात तीन दिवस
योनानं श्वास कसा घेतला.
कपाटातली जुनी उत्तरं मी काढलेली नाहीत.
गळ तेवढा घासून, दोर वाळवून
पार्वताबाईकडे नेऊन दिला.
उसना होता.